आधी त्रास कशावर टिकून आहे ते बघ

अनेक आशीर्वाद.

सीबीटीतली, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करणाऱ्या मानसोपचारातली, नेमकी कुठली पद्धत धरू, हा तुझा प्रश्न वाचून आधी काळजी वाटली, मग चिडचिड झाली. एलिस आणि बेक यांच्या उपचारपद्धती, अ‍ॅक्ट (स्वीकार आणि बांधिलकीवर उभा उपचार), डीबीटी (तीव्र भावना हाताळायची कौशल्यं शिकवणारा उपचार) यांतून पक्ष निवडायचा नसतो गं. समोरच्या माणसाचा त्रास आज कशावर टिकून आहे, ते शोधायचं असतं.

एलिस यांनी 1955च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ पद्धत मांडली. ते ‘मला यश मिळालंच पाहिजे’ यातल्या हट्टाशीच भिडतात. बेक वाद घालत नाहीत, क्लायंटच्या शेजारी बसून विचाराचा पुरावा तपासतात. हेज यांचं अ‍ॅक्ट विचाराच्या खरेखोटेपणात शिरतच नाही; तो मनात असू दे, तुला मोलाचं वाटतं ते कर, असं सांगतं. एकाच तासात आधी विचार तपासायला लावलास आणि मग तो खरा की खोटा यात शिरू नको म्हणालीस, तर क्लायंटने करायचं काय?

सारखे हात धुणारी व्यक्ती घे. जंतू लागण्याची शक्यता किती, याचा हिशोब तिला मांडून दिलास तर घटकाभर बरं वाटेल. उद्या तोच हिशोब ती पुन्हा मागेल. तुझं तर्कशुद्ध उत्तर म्हणजे तिच्यासाठी आणखी एकदा हात धुणंच. तिचा त्रास टिकतो तो धुण्यावर आणि खातरजमेवर. म्हणून दाराच्या कडीला हात लावायचा, धुवायचा नाही, अस्वस्थता चढली तरी थांबायचं. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966मध्ये याच वाटेने केलेले उपचार प्रसिद्ध केले.

नैराश्यात अंथरूण न सोडणाऱ्याचा त्रास बहुधा न उठण्यावरच पोसला जातो. तिथे आधी कृती. मानसशास्त्रज्ञ जेकबसन आणि सहकाऱ्यांनी 1996मध्ये बेक यांच्या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा नुसता कृतीवर भर देणारा भाग पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. तरी सगळे पहिल्याच भेटीत विचार लिहून तपासायचा तक्ता हातात देतात!

मी देत नाही. ‘मॅडम फार वेळ घेतात’ हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले, त्यापायी एक चांगली नोकरीही गेली. त्याची हळहळ आहे, पण पद्धत बदलली नाही, बदलणारही नाही. त्रास कशावर टिकून आहे हे कळण्याआधी दिलेला उपचार म्हणजे क्लायंटच्या जिवावर केलेला अंदाज. तो मला मान्य नाही आणि तुलाही नसावा.

पुढच्या पत्रात पद्धतीचं नाव नको. तुझ्याकडे येणारा, परीक्षेला घाबरणारा तो मुलगा भीती वाटल्यावर लगेच काय करतो, आणि ते केल्यावर त्याला कसं वाटतं, तेवढं विचारून कळव.