चष्म्याचे पैसे आधी काढ

पोरी, कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, खात्यात आला तरी चष्म्यासाठी पैसे काढताना जीव कचरतो म्हणालीस. कोरडवाहू घरात वाढलेल्या माणसाचं असंच होतं. एका पावसावर सगळं वर्ष, मग हातात पैसा असला तरी नसल्यासारखाच वाटतो.

चुकारा आला की त्याच दिवशी वही घेऊन बस. आधी पीककर्ज लिही. 3 लाखांपर्यंतचं मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात व्याज लागत नाही, म्हणून ते पहिलं. मग कृषी केंद्राची उधारी, वेचाईचे पैसे, पुढच्या खरिपाचं बियाणं-खत, दवाखान्याला थोडे. आणि त्याच पानावर तुझ्या नावाची रक्कम. 500 का असेना. उरले तर बघू, असं नाही. आधीच बाजूला काढायची. बाकीच्यांचं मांडून झालेलं असलं की ती खर्चताना कुणाचा घास हिरावल्यासारखं वाटत नाही. सुरुवातीला थोडं वाटेल, तरी खर्च कर.

चष्मा मात्र त्या 500 मध्ये धरू नकोस. फवारणीच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचता आलं नाही, तर पंपात औषध किती टाकायचं हे अंदाजानं ठरतं, आणि ते जिवावर बेततं. तो शेतीचाच खर्च. येत्या बाजाराच्या दिवशी जाऊन नंबर काढून घे.