मल्टिमीडियाची पदवी घ्यावी का?

व्हिडिओ संपादन, ग्राफिक्स आणि ॲनिमेशन घरबसल्या शिकता येत असताना डिजिटल संज्ञापन आणि मल्टिमीडिया हा पदवीचा मुख्य विषय घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. केवळ सॉफ्टवेअर शिकायचे असेल तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकेकाळी वेबवरचे ॲनिमेशन म्हणजे फ्लॅश हे सॉफ्टवेअर असेच समीकरण होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार कायमचा थांबवला. मात्र की-फ्रेम (हालचालीची सुरुवात किंवा शेवट ठरवणारी चौकट) कुठे ठेवायची आणि हालचाल कुठे मंदावायची, याची ज्यांना जाण होती त्यांचे ज्ञान नव्या साधनांतही तितकेच उपयोगी पडले.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना त्यात कारणे शिकवली जातात का, ते पाहावे. ध्वनिमुद्रणासाठी ४४,१०० हर्ट्झ (म्हणजे आवाजाचे सेकंदाला तितके नमुने) हा पर्याय कोणीही निवडू शकतो. परंतु माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात आणि ते अचूक पकडण्यासाठी सेकंदाला त्याच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात, हे ज्याला उमगले आहे, त्याला आवाज बिघडला की दोष कुठे शोधावा हे कळते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतील फरकाचेही तसेच आहे. वेब सुलभतेच्या निकषांत सर्वसाधारण मजकुरासाठी या दोन रंगांच्या उजळपणाचे किमान ४.५ : १ हे प्रमाण दिलेले आहे, आणि दृष्टी अधू असलेल्या वाचकाचा विचार पहिल्या वर्षापासून शिकवणारा विभाग मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

या पदवीतील सर्वांत मोलाची गोष्ट विषयांच्या यादीत सहसा दिसत नाही. आपले अपुरे काम सर्वांसमोर मांडायचे, हाच फॉन्ट का, हा कट इथेच का, या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि टीका ऐकून पुन्हा बसायचे, ही सवय एकट्याने शिकणाऱ्याला लागणे फार कठीण असते. त्यातच पटकथा लिहिणारा, चित्रण करणारा आणि कोड लिहिणारा अशा वेगवेगळ्या स्वभावांच्या सहाध्याय्यांबरोबर एकच प्रकल्प पूर्ण करावा लागतो. (लेखनाचा कंटाळा असेल तर हा विषय जड जाईल, प्रत्येक चांगल्या व्हिडिओआधी कागदावर बरेच काम झालेले असते.)

तुम्हाला फक्त त्रिमितीय ॲनिमेशनच करायचे असेल, तर त्याचेच विशेष शिक्षण देणारी संस्था निवडावी. अन्यथा प्रवेशापूर्वी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहावेत आणि त्यांचे पहिले कच्चे आराखडेही दाखवायला सांगावेत. दोहोंमधील अंतरावरून तिथे किती शिकवले जाते याचा अंदाज येईल.