दोरी रंगवू नका, खरवडा

प्रश्न : मी शिराळ्याची. वारणेच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस आणि मागं चांदोलीचं रान, असं जलरंगात चित्र केलं. रान जमलं, पण काळ्या पाण्यावरची दोरी पोस्टर कलरच्या पांढऱ्यानं काढली ती खडूनं रेघ मारल्यासारखी दिसते. शिवाय पाणी वाहतंय असं वाटतच नाही.

उत्तर : ताई, फोटो बघितला. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायला मनाई आहे, पण कागदावरच्या माणसाला वनखातं काय करणार!

दोरी रंगवायचीच नाही. अमेरिकेतला चित्रकार विन्स्लो होमर (१८३६–१९१०) स्वतः गळाचा नादी. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅकच्या रानात मासेमारीला जायचा, तिथलीच चित्रं जलरंगात करायचा. हवेत भिरकावलेली दोरी तो वाळलेल्या रंगावर पात्यानं ओरखडून काढी. खालचा कोरा कागद उघडा पडतो, आणि त्या पांढऱ्याची धार ट्यूबमधल्या पांढऱ्याला येत नाही.

मी हे पहिल्यांदा केलं ते शाळेतल्या कार्ट्रिज कागदावर. कागद फाटला, मासा गेला. तुम्ही तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) सुती कागद घ्या. रंग रात्रभर वाळू द्या. हाताला गार लागला तर आत ओल आहे समजा. मग दाढीच्या नव्या पात्याचा कोपरा टेकवून एका दमात ओढा. पट्टी अजिबात नको.

आणि दोरी अख्खी दाखवू नका. आमच्या सांगलीत कृष्णेच्या घाटावर सकाळी गळवाले बसतात. उन्हात येते तेवढीच दोरी चमकते, सावलीत शिरली की दिसेनाशी होते. काठीच्या टोकापासून दोन बोटांएवढी रेघ ओढा, सोडून द्या, पाण्याला टेकते तिथं एक टिंब द्या. मधली दोरी बघणारा जोडून घेतो.

पाण्याचं म्हणाल तर तुमच्या लाटा छपराच्या पत्र्यासारख्या झाल्यात, सगळ्या एकसारख्या. जवळच्या मोठ्या नि विरळ, लांबच्या बारीक नि दाट करा, पलीकडच्या काठाशी नुसता सपाट पट्टा ठेवा. गर्द झाडीचं प्रतिबिंब झाडीपेक्षा किंचित उजळ घ्या. पण वाहणं कळतं ते अडथळ्यापाशी. प्रवाहात एक दगड ठेवा, पाणी वाहत जातं त्या अंगाला त्याच्यामागं फेसाची शेपटी काढा. तीही पातं आडवं धरून खरवडा.

त्या माणसाचं लाल मुंडासं मात्र बदलू नका. एवढ्या हिरव्यात नजर आधी तिथंच जाते.