वाचकांचे प्रश्न : महापौर आणि दुभाषा

प्रश्न : न्यूयॉर्कच्या एका विमानतळाला ला गार्डिया हे तेथील एका महापौराचे नाव दिले आहे, असे नातवाच्या बोलण्यातून कळले. आमच्या धुळ्यात दोन महापौरांपूर्वी कोण होते, हे चटकन सांगता येत नाही. मग 1947 साली वारलेल्या महापौराची आठवण तिकडे अजून का काढतात? अधिकार मोठे होते की माणूस मोठा होता?
– एक निवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : अधिकारांपासून सुरुवात करतो, कारण आपल्या प्रश्नाचा तो भाग सोपा आहे. आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, त्याची मुदत अडीच वर्षांची असते आणि कारभाराची खरी सूत्रे राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती असतात. न्यूयॉर्कमध्ये मतदार महापौराला थेट चार वर्षांसाठी निवडतात. आयुक्त तेथेही आहेत, पण ते एकेका खात्याचे, आणि त्यांना नेमणारा महापौरच. त्यामुळे रस्ता खचला तर बोट कोणाकडे दाखवायचे, हे तेथील नागरिकाला माहीत असते.

मात्र हेच अधिकार ला गार्डिया यांच्या आधीच्या महापौरांकडेही होते. जिमी वॉकर यांना भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर 1932 साली राजीनामा द्यावा लागला आणि शहर कर्जात बुडालेले राहिले. तेव्हा फरक माणसातच शोधावा लागतो, आणि माझ्या मते तो फिओरेलो ला गार्डिया यांच्या पहिल्या नोकऱ्यांत सापडतो.

त्यांचा जन्म 1882 सालचा, न्यूयॉर्कमधला. वडील इटालियन, लष्करी बँडचे प्रमुख. आई त्रिएस्त शहरातल्या ज्यू कुटुंबातली. बालपण अ‍ॅरिझोनातल्या लष्करी छावण्यांत गेले. वयाच्या बाविशीत ते फ्यूमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका येथे, अमेरिकी वकिलातीचे काम पाहू लागले. घरदार विकून अमेरिकेला निघालेल्या माणसाला तिकडे पोहोचल्यावर खुपरीसारख्या डोळ्यांच्या रोगामुळे परत पाठवले जाई. म्हणून जहाजावर चढण्यापूर्वीच वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असा आग्रह या तरुणाने धरला आणि वरिष्ठांची नाराजी पत्करून तो चालवला. पुढे 1907 ते 1910 या काळात ते न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होई त्या ठाण्यावर, स्थलांतरितांचे दुभाषे होते. दिवसा हे काम आणि संध्याकाळी कायद्याचे वर्ग, असा क्रम होता. इटालियन, जर्मन, क्रोएशियन आणि युरोपातल्या ज्यूंची यिद्दिश या भाषा त्यांना बोलता येत.

खानदेशातल्या वाचकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. माझी आजी सातबाऱ्याचा उतारा काढायला जाई तेव्हा अर्ज दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राही. एके दिवशी खिडकीपलीकडचा कारकून ‘बठ माय, मी सांगस तुले’ असे अहिराणीत म्हणाला आणि तिचे हात सैल झाले. ला गार्डिया यांनी तरुणपणातली काही वर्षे त्या खिडकीपलीकडे बसून काढली होती. 1922 साली काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत त्यांच्यावर ज्यूद्वेषाचा आरोप झाला, तेव्हा त्यांनी प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण वादविवाद यिद्दिशमध्ये करण्याचे जाहीर आव्हान दिले.

1 जानेवारी 1934 रोजी ते महापौर झाले आणि सलग तीन वेळा निवडून येऊन 1945 अखेरपर्यंत राहिले. पक्षाच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या नोकऱ्यांऐवजी परीक्षेवर भर आला. स्वतः रिपब्लिकन असूनही त्यांनी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशी जमवून घेतले आणि केंद्राचा प्रचंड निधी शहरात आणला. 1935 मध्ये सार्वजनिक घरांची पहिली वसाहत उभी राहिली. 1921 या एकाच वर्षात त्यांची तान्ही मुलगी आणि क्षयाने आजारी असलेली पत्नी दोघी गेल्या होत्या. कोंदट चाळींविषयीचा त्यांचा संताप मला त्यापासून वेगळा काढता येत नाही. विमानतळ 1939 सालचा.

एक प्रसंग मात्र थांबून सांगण्यासारखा आहे. आर्टिचोक ही काटेरी खवल्यांच्या कळीसारखी भाजी इटालियन घरांत आवडीची, जशी आपल्याकडे हिवाळ्यात भरताची वांगी. कॅलिफोर्नियातून येणारा तो माल गुंडांची एक टोळी दमदाटीने स्वस्तात उचलून चढ्या भावाने विकत असे. डिसेंबर 1935 मधल्या एका थंड पहाटे महापौर शहराच्या ब्राँक्स भागातल्या घाऊक बाजारात पोहोचले, बिगुल वाजवायला लावला आणि आर्टिचोकच्या विक्रीवर बंदीचे फर्मान वाचून दाखवले. टोळीची पकड ढिली होऊन भाव उतरले आणि थोड्याच दिवसांत बंदी उठली. केळीचा भाव बांधावर एक आणि बाजारात दुसरा, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. पहाटे बाजारात उभा राहणारा महापौर त्याला लगेच कळेल.

प्रश्न : माझ्या वडिलांची केळीची हातगाडी आहे. याच महापौरांनी रस्त्यावरच्या हातगाड्या हटवल्या, असे वाचले. मग ते गरिबांचे कसे?
– एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : तुझा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यांचा बचाव करणार नाही. रस्ते मोकळे व स्वच्छ हवेत म्हणून त्यांनी गाडीवाल्यांना छपराखालच्या बाजारांत नेले. गाळा मिळाला त्यांचे ऊन-पाऊस टळले, पण अनेकांना तो मिळाला नाही आणि त्यांचा धंदा बसला. ला गार्डिया यांचा स्वभाव तापट होता, आपले तेच खरे मानण्याचा होता. 1935 च्या मार्चमध्ये हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दंगल झाली, तेव्हा तिची कारणे शोधायला त्यांनीच समिती नेमली. तिने पोलिसांवर आणि कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोट ठेवले, तर तो अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही. शेवटी एका वृत्तपत्राने तो छापला. हातगाडीवाल्यांसाठी 1940 साली उघडलेला एसेक्स स्ट्रीटचा बाजार 2019 मध्ये रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेला, आणि भाजीफळांचे गाळे तेथे आजही आहेत.