महामारीत घरून काम करणाऱ्या डॉक्टरांनी घर आणि काम यांचा तोल कसा सांभाळला?

नाही सांभाळला. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'प्रवास वाचल्यामुळे निदान घरच्यांना वेळ देता आला असेल.' हे वाक्य माझ्या धाकट्या भावाचं आहे. तो आयटीत आहे, पुण्यात. दर लग्नकार्यात सांगतो, 'दादाने कोविड आगरात हापूस खात काढला.' आगर म्हणजे कोकणातल्या घराची नारळ-पोफळीची बाग.

मार्च 2020 मध्ये मी 61 वर्षांचा होतो, हृदयाला दोन स्टेंट टाकलेले. शिमग्याला दापोली तालुक्यातल्या घरी आलो. मुंबईच्या माझ्या हॉस्पिटलने कळवलं, साठीवरच्यांनी वॉर्डात यायचं नाही. पाडव्याला, 25 मार्चला, लॉकडाऊन लागला आणि टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून पेशंट तपासण्याची, मार्गदर्शक तत्त्वंही त्याच दिवशी आली. आठवडाभरात माझी फोनवरची ओपीडी सुरू.

रेंज फक्त आगरात, विहिरीच्या पंपापाशी. प्लास्टिकची खुर्ची, वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, पायाला डास. वेळ ठरली होती दहा ते एक. प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला पहिला व्हॉट्सअ‍ॅप आणि रात्री साडेअकराला शेवटचा. शिवाय गडग्यापलीकडून वाडीतलं कुणी ना कुणी हाक मारायचंच. डॉक्टर घरात असताना दापोलीला कोण जाणार? चौऱ्याऐंशीची आई ओटीवरून विचारायची, 'जेवतोस ना रे?' तिसऱ्या हाकेला उठायचो. मी घरी होतो, पण तिच्याशी धड बोललोय असा त्या दोन महिन्यांतला एक दिवस आठवत नाही.

2 जूनला संध्याकाळी डोंबिवलीच्या एक बाई व्हिडिओवर आल्या. पाच दिवस ताप, ऑक्सिमीटरवर 91. नखांना मेंदी आहे का विचारलं, तिच्यामुळे आकडा चुकू शकतो. होती. पायाच्या बोटाला लावायला सांगितलं, 95. नवऱ्याला मोबाइल त्यांच्या छातीसमोर धरायला लावला आणि मिनिटभर श्वास मोजले, 22. म्हटलं, सकाळी नऊला फोन करा, मग बेडचं बघू.

सकाळी नऊपर्यंत वीजही गेली होती, रेंजही. दुपारी निसर्ग वादळ आलं. पोफळी आगपेटीतल्या काड्यांसारख्या मोडत होत्या. निम्मी कौलं उडाली. आईला माजघरात बसवलं. रात्री ओल्या गादीवर आडवा झालो आणि सकाळी सातपर्यंत झोपलो. अडीच महिन्यांतली पहिली सलग झोप. डोंबिवलीच्या बाई मला उठल्यावर आठवल्या.

पाचव्या दिवशी कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, पडलेली झाडं चुकवत, रेंज मिळेल तिथवर गेलो. त्या नवऱ्याचे एकोणीस मेसेज. पहिले 'सर फोन घ्या', मग नुसते आकडे, 92, 90, 88, मग 'बेड मिळाला'. बाई वाचल्या. नंतर त्यांनी डॉक्टर बदलला, आणि योग्य केलं. 'नऊला फोन करा' एवढं सांगून मी थांबायला नको होतं. आकडा घसरला तर माझी वाट न बघता कुठे जायचं, हे त्यांना त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. वादळाचा इशारा मलाही होताच की.

तुमच्या प्रश्नाचं जेवढं उत्तर माझ्याकडे आहे तेवढं देतो. कामाचं सिम वेगळं ठेवा. रात्री तुमच्या जागी कोण, त्याचा नंबर पेशंटला पहिल्याच दिवशी द्या. हॉस्पिटल असा माणूस देत नसेल तर भांडा, मी भांडलो नाही. फोनवर जमणार नाही, प्रत्यक्ष दाखवा, असं कुठल्याही क्षणी सांगायची मुभा त्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे, ती बिनदिक्कत वापरा. योगा, ध्यान, छंद वगैरे सांगणाऱ्यांनी एकदा विहिरीपाशी येऊन बसावं.

पीपीई घालून वॉर्डात उभे राहिलेल्यांशी माझी तुलना नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. आणि ज्यांच्याकडे वेगळी खोली, बरं नेट आणि पाळीला दुसरा डॉक्टर होता, त्यांना कदाचित जमलंही असेल.

भावाला हे सगळं दोनदा सांगून झालंय. तो म्हणतो, 'पण हापूस खाल्लास ना?' खाल्ला. पेट्या पाठवायला गाडी मिळेना, आढीत पिकून सडायला लागले होते.