‘द्या काय द्यायचं ते’

“मॅडम, नोकरी सांभाळून स्वतःचं काहीतरी सुरू करावं म्हणतोय. झेपेल का, एवढंच सांगा.”

पिंपरी-चिंचवडमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. त्यातल्याच एका जोडप्याची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

गृहस्थ चाळिशीचे. आयटीआय फिटर, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, राहायला मोशीत. गळका नळ, घासणारं दार, पडद्याचा रॉड, भिंतीवर टीव्ही बसवणं, सोसायटीत कुणाचंही काही अडलं की फोन यांना. हेच काम रीतसर धंदा म्हणून करावं हा विचार वर्षभर डोक्यात होता आणि वर्षभर रात्रीची झोप लागत नव्हती. कंपनीला कळलं तर? कुणाकडे टाइल फुटली तर? वेळ कुठून आणायचा?

मी लगेच काही सांगितलं नाही. एक वही घ्या म्हटलं. तीन आठवडे प्रत्येक काम लिहायचं: किती वाजता गेलात, किती वाजता आलात, सामानाला किती लागले, हातात काय पडलं.

वही घेऊन आले तेव्हा त्यात चौदा कामं होती. एकूण एकवीस तास. सामानाला स्वतःच्या खिशातून 640 रुपये, मिळाले 1,150. सहा घरांत चहावर बोळवण. हिशेब केला तर तासाला जेमतेम चोवीस रुपये पडत होते, पेट्रोल वेगळंच. ते आकडे बघत गप्प बसले.

“किती झाले, असं लोक विचारतात ना? तेव्हा काय म्हणता?”

“म्हणतो, द्या काय द्यायचं ते.”

मला वाटतं, खरी गाठ इथे होती. वडील गावाकडे सुतारकाम करायचे. सुगी झाली की बलुतं आणायला खळ्यावर जायचं, आणि हे लहानपणी पोतं धरायला बरोबर असायचे. वर्षभर औतं-पाभरी दुरुस्त केलेल्या माणसाने सावलीत उभं राहून वाट बघायची आणि सुपात येईल तेवढ्यावर मान डोलवायची. सांगताना त्यांचा आवाज बसला. कामाचे पैसे मागणं म्हणजे कुणाच्या तरी दारात ताटकळणं, हे तेव्हापासून अंगात मुरलेलं. वडिलांनी कधी ‘इतके झाले’ म्हटलेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यात सासरी ‘कंपनीतले पर्मनंट जावई’ अशी ओळख, ती जाऊन आता मिस्त्री म्हणतील, ही धाकधूक. वेळेची अडचण खरी होतीच, पण ती पुढे करून हे दुखणं मागे लपलं होतं.

पुढच्या भेटीला वहिनी आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: “यांना सुट्टी गुरुवारची. तेव्हा मुलं शाळेत. रविवारी हे फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी येतात, की लोकांचे फोन सुरू. मुलांनी बापाला बघायचं कधी?”

आपल्याकडच्या औद्योगिक भागातली ही गुरुवारची सुट्टी किती घरांच्या आड येते, ते मी रोज बघते. यांची गिऱ्हाइकं बहुतेक आयटीतली, शनिवार-रविवारीच घरी. मग वहीच पुन्हा उघडली. चौदांपैकी पाच कामं निवृत्त आजी-आजोबांच्या घरची होती, जे गुरुवारी सकाळीही घरीच असतात आणि ज्यांना स्टुलावर चढून बल्ब बदलणंही धोक्याचं असतं. ठरलं असं: गुरुवारी नऊ ते दोन आणि शिफ्टनंतर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. रविवारी चारनंतर फोन वहिनींकडे, आणि ‘गुरुवारी येतील’ हे उत्तर त्या देणार. नोकरी सोडण्याचा विषय वर्षभर काढायचा नाही, हे मी बजावलं. घराचा हप्ता चालू असताना तो विषय नुसता निघाला तरी घर धास्तावतं.

कंपनीच्या भीतीवर उपाय एकच, नेमणूकपत्र काढून वाचणं. त्यात दुसऱ्या कामाला लेखी परवानगी लागेल, असं कलम होतं. त्यांनी अर्ज केला. देताना हात थरथरत होते म्हणाले. कामाच्या वेळेत नाही आणि कंपनीची हत्यारं नाहीत, या अटींवर परवानगी मिळाली. दुसऱ्या अटीवर त्यांनी मान खाली घातली, कारण स्टोअरमधलं ड्रिल मशीन कधीमधी घरी यायचं. पहिल्या पैशांतून स्वतःचं ड्रिल घेतलं. नवीन वायरिंगचं काम घ्यायचं नाही, ते परवानाधारक ठेकेदाराचं, हेही मी आग्रहाने सांगितलं. बाकी कागदांचा बाऊ नव्हता. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे द्यायचं कारण नाही. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पगाराबरोबर धंद्याचं उत्पन्न आलं की प्राप्तिकर विवरणपत्राचा नेहमीचा आयटीआर-1 फॉर्म चालत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला एका वाक्यावर. मी गिऱ्हाईक, ते कारागीर. “किती झाले?” त्यांनी म्हणायचं, “अडीचशे. सामानाचे ऐंशी वेगळे.” आणि मग गप्प राहायचं. पहिल्यांदा ‘अडीच’वरच अडले. नंतर आकडा आला, पण मागोमाग ‘नसतील तर राहू द्या’ही आलं. चौथ्या-पाचव्या वेळी गप्प राहिले, आणि कपाळावरचा घाम पुसला. मग दर आधी फोनवरच सांगायचा, असं त्यांनी स्वतःहून ठरवलं.

सहा महिन्यांनी भेटले. महिन्याला बारा-पंधरा कामं, झोप बरी. दर सांगितल्यावर दोन शेजाऱ्यांनी बोलावणं बंद केलं. त्यातला एक रोज बरोबर चहा पिणारा होता, ते मनाला लागलंय. मेव्हण्याकडून मात्र अजून पैसे घेता येत नाहीत. मी म्हटलं, नका घेऊ. वहीत मात्र ते कामही लिहा, तासांसकट.