टायरची 'ग्रिप' जाते तेव्हा नेमकं काय जातं?

प्रश्न असा आहे: 'अमेरिकेतल्या नॅसकार या मोटारशर्यती बघतो. त्या गाड्यांच्या टायरला ग्रिपच नसते, तरी समालोचक सारखे ग्रिपबद्दल बोलत असतात. हे कसं? आणि ग्रिपला चांगला मराठी शब्द कोणता?'

घोटाळा पहिल्याच वाक्यात आहे, आणि तो एकट्या प्रश्नकर्त्याचा नाही. 'टायरची ग्रिप गेली, बदलून टाका' हे वाक्य पंक्चरच्या दुकानापासून घरच्या अंगणापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. तिथे ग्रिप म्हणजे टायरवरच्या खाचा, नक्षी. मला याचा मनापासून राग येतो. खाचा ही वस्तू आहे, ग्रिप हा गुण. सुरीच्या पात्यालाच कुणी 'धार' म्हणू लागावं, तसं हे झालं.

ग्रिप म्हणजे पकड. काही मंडळी 'घर्षण' पुढे करतात, ते मला मान्य नाही. घर्षण हे भौतिकशास्त्रातल्या बलाचं नाव, तिथे ते शोभतं. पण मराठीत टायर 'घासतो' तो पकड सुटल्यावर. चालकाला हवी असते ती पकड, घासणं नव्हे.

आता नॅसकारचं. तिथले नेहमीचे टायर स्लिक, म्हणजे खाच नावालाही नाही. झीज मोजायला बारीक छिद्रं असतात, बस्स. कोरड्या डांबरावर खाचा पकड वाढवत नाहीत, कमी करतात. खाच आहे तिथे रबर नाही, आणि रबर टेकलंच नाही तर धरणार कोण? शिवाय खाचांमुळे सुटे झालेले रबराचे ठोकळे वळणावर लवतात आणि तापतात. पकड येते ती मऊ, तापलेलं रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं आणि त्याला चिकटतं म्हणून. बहुतेक ट्रॅक लंबगोल, गाड्या डावीकडेच वळणार, भार उजव्या चाकांवर येणार. म्हणून टायर पुरवणारी गुडइयर कंपनी उजव्या बाजूसाठी सहसा वेगळं, जास्त टणक रबर वापरते आणि त्या टायरचा घेरही किंचित मोठा ठेवते. २००८ साली इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर जो गोंधळ झाला तो याच रबराचा. ट्रॅकवर बसण्याऐवजी ते भुकटी होऊन उडत राहिलं, टायर थोड्याच फेऱ्यांत झिजू लागले आणि शर्यत पुन्हापुन्हा पिवळ्या झेंड्याखाली आणावी, म्हणजे गाड्यांचा वेग उतरवावा लागली. खाचांचा यात काही संबंध नव्हता. डांबरी रस्त्यावर त्यांचं काम एकच, पाण्याला वाट देणं. जून २०२४ मध्ये न्यू हॅम्पशरच्या शर्यतीत पाऊस आला, गाड्या खाचांचे टायर लावून पुन्हा उतरल्या आणि चालक ख्रिस्टोफर बेल जिंकला.

मग टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, ज्यावर खाचा असतात किंवा नसतात, त्याला म्हणायचं काय? इंग्रजीत तो 'ट्रेड' (tread), म्हणजे पाऊल टाकणं, तुडवणं. मराठीत त्याला शब्द नाही असं समजून आपण ग्रिपला वेठीला धरलं. पण शब्द आहे, आणि फार सुंदर आहे: धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात ती धाव. ती शेणीच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, फुगलेली असतानाच चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाकाचे लाकडी भाग, म्हणजे आरे, कडेचे पाटे, मधला तुंबा, सगळं एकमेकांत घट्ट आवळलं जातं. चाकाचा जमिनीवर धावणारा भाग तो धाव. इंग्रजांचं चाक पाऊल टाकतं, आपलं धावतं!

इंग्रजी 'टायर'चं मूळ पाहा. बांधणे या अर्थाच्या 'टाय'वरून तो आला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते चूक आहे. तो 'अटायर'चं, म्हणजे पोशाखाचं, आखडलेलं रूप. पंधराव्या शतकात चाकाला घातलेल्या लोखंडी पट्टीला हा शब्द लागला, रबर त्यानंतर कित्येक शतकांनी आलं. म्हणजे टायर हे चाकाचं वस्त्र. 'वाय'चं स्पेलिंग (tyre) अस्सल आणि 'आय'चं (tire) अमेरिकनांनी बिघडवलेलं, हेही खरं नाही. दोन्ही जुनी आहेत. मधल्या काळात इंग्लंडातही 'आय' रुळला होता, 'वाय' एकोणिसाव्या शतकात परत आला. देवनागरीत हा वाद उरतच नाही.

आणि वैदिक संस्कृतात याच पट्टीला 'पवि' म्हणत. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या रथाच्या पवि सोन्याच्या आहेत. हाच शब्द पुढे इंद्राच्या वज्रासाठी वापरला गेला. चाकाची कड आणि वज्र यांना एकच शब्द! मला वाटतं, रथाच्या कडेखाली काय चिरडलं जातं हे पाहिलेल्या माणसांनीच हा अर्थ पुढे नेला असावा.

'धाव म्हटलं की क्रिकेट आठवतं' हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो मला पटत नाही. 'पान' म्हटलं की झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं आणि जेवणाचं अशी चार पानं आठवतात, तरी पंगतीत कुणाचा गोंधळ होत नाही. चाकाची धाव आणि फलंदाजाची धाव एका वाक्यात कितीदा येणार?

स्लिकला 'गुळगुळीत टायर' मात्र म्हणू नका. आपल्याकडे गुळगुळीत म्हणजे झिजलेला, आणि स्लिक तर कारखान्यातूनच बिनखाचांचा येतो. 'सपाट धावेचा टायर' म्हणा. मग बातमी सरळ लिहिता येते: पाऊस सुरू होताच सपाट धावेच्या टायरची पकड सुटू लागली, म्हणून गाड्यांना खाचांचे टायर चढवण्यात आले.